पत्र्याखालचा पत्रा

हमूद बिन सैफची डाटसन टो होऊन आली सनायात.
शेळ्यांच्या गोठ्यामागे अकरा वर्षं उभी होती.
हौद्यात लेंड्या, एका दिव्यात गांधीलमाशीचं घर,
डाव्या दाराला इतकी भोकं
की आत हात घालून बाहेरचं ऊन मोजावं.

म्हणालो, अरबाब, निम्म्या पैशात दुसरी मिळेल.
त्याची लँडक्रूझर बाहेर चालू होती, एसीसकट.
म्हणाला, मिरबातला जायचंय. हिच्यातूनच.
किती दिवस?
मी चाळीस म्हणालो, तो वीस.
चहा आला. तिसावर मिटलं.

सोहारच्या सनायातून समुद्र दिसत नाही,
पण तो रोज रात्री येतो
आणि बोल्टांच्या आट्यांत बसतो.
मागचं चाक निघेना. नटाला डिझेल पाजलं, रात्रभर ठेवलं,
सकाळी पाईप लावून मी आणि गुलजमीन लोंबकळलो
तेव्हा कुठे बारीक कुरकुर आली,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

मग घासणं. ऐंशीचा कागद, मग दोनशेवीसचा.
वर पांढरा, त्याखाली निळा,
त्याखाली लांबी, बोटभर जाड, कुणा आळशानं थापलेली,
आणि तळाशी कंपनीचा पिवळा,
जून गऱ्यासारखा.

चासीच्या तिसऱ्या आडपट्टीशी थांबलो.
उताणा होतो, चष्म्यावर गंजाची भुकटी.
वर एक जुना जोड:
टाक्यावर टाका चढलेला, डावीकडे कललेला,
आणि शेवटी एक जास्तीचा ठिपका.
कारण नसताना.

हा ठिपका माझ्या ओळखीचा.
मुस्तफा खोत. दाभोळचे. डावखुरे.
याच गल्लीत, मी एकोणीस वर्षांचा, डोळे सुजलेले,
ते बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवायचे.
ठिणगीकडे काय बघतोस, म्हणायचे,
रस कुठं वाहतोय ते बघ.
पुढे गावी गेले एवढंच कळलं.

गुलजमीन कटर घेऊन उभा. ही पट्टी कापायची ना?
बिलात नवी लिहिली होती.
मी हातोडी मारून पाहिली. आवाज भरीव.
राहू दे, म्हणालो.
मुदीर त्या दोन ओळींवरून अर्धा तास ओरडला.

हमूद रोज संध्याकाळी यायचा, टायरवर बसायचा,
खजुराच्या बिया खिशात ठेवायचा.
तेविसाव्या दिवशी आपणहून बोलला:
गाडी दोघांची. अर्धे पैसे भावाचे, सुक्या तारलीचे.
भाऊ मिरबातला. अठरा वर्षं बोलणं नाही.
का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
लँडक्रूझर बघून तो दार उघडायचा नाही, म्हणाला.
आणि ही बघून?
त्याची नजर गेलीय. हॉर्न ओळखेल.

हॉर्न मी आदल्या दिवशीच भंगारात दिला होता.

रात्री शफीकुलच्या ढिगावर टॉर्च घेऊन चढलो.
पंख्यांच्या पात्या, बोटीची नळी, एका सायकलीची घंटी,
मग तो. आतला पडदा फाटलेला.
अर्धा रियाल घेतला शफीकुलनं, चहाही पाजला.
कुंजुमोन दुकानातून नवा फुकट देत होता.
मी जुन्यालाच दोन दिवस बसलो.
वाजला तेव्हा सर्दी झालेल्या बोकडासारखा वाजला.
हमूद हसला नाही. पुन्हा वाजव, म्हणाला.

रंग कुठला? फार नको, म्हणाला,
नवी आहे असं कुणी त्याला सांगता कामा नये.
मग दारं पिवळी केली,
हौद्याचा गंज घासून वर नुसता लॅकर मारला.

एकतिसाव्या दिवशी फजरनंतर निघाला.
मागे पाण्याचे दोन कॅन, एक जादा पट्टा,
आणि पोत्यात काहीतरी सुकं, वास मारणारं.
साडेबाराशे किलोमीटर.
तिसऱ्या गिअरला अडखळेल, सांगितलं होतं. अडखळली.
मग वळणाआड गेली.

दुपारच्या सुट्टीत सगळे झोपले.
मी पेटीच्या झाकणावर आत लिहिलेला
दाभोळचा नंबर लावून पाहिला.
लागला नाही.
जुना नंबर तो. आकडे कमी पडत होते.